पडसे की सायनसचा दाह?

पावसाळा सुरू झाला की वर्गात शिंकांची साथ येते. दोन दिवस नाक पाण्यासारखे वाहते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट, पिवळा-हिरवा होतो. लगेच घरात कोणी म्हणते, "सायनस झालाय. मागच्या वेळच्या गोळ्या उरल्यात, त्या घे." पण रंगावरून असा निकाल देता येतो का?

सायनस हा रोगच नव्हे. तो आपणा सर्वांना असतो! नाकाभोवतीच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात : गालांत, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि नाकामागे खोलवर. हेच सायनस. त्यांच्या अस्तरातून पाझरणारा चिकट द्रव केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू नाकाकडे ढकलत असतात. गालातल्या सायनसचे तोंड तर तळाशी नसून वर असते. जणू वरच्या बाजूला तोटी बसवलेली टाकीच! पडशाने अस्तर सुजले की तोंड बुजते, द्रव साचतो आणि गाल जड होतात. बहुधा हे आपोआप निवळते. साचलेल्या द्रवात जिवाणू वाढले तरच खरे दुखणे सुरू होते. मोठ्या माणसांच्या शंभर पडशांत असे जेमतेम एक-दोनदा घडते. मुलांत थोडे अधिक.

मग हिरवा रंग कुठला? तो आपल्याच पांढऱ्या पेशींतील एका लोहयुक्त विकराचा. विषाणूंशी लढतानाही या पेशी नाकात जमतात. म्हणून रंग हा पुरावा नव्हे.

खरा साक्षीदार आहे दिनदर्शिका. साधे पडसे तीन-चार दिवस जोरात असते, मग उतरू लागते. दहा दिवसांनंतरही उतार नसेल, बरे वाटू लागल्यावर दुखणे पुन्हा उलटले, किंवा सुरुवातीपासूनच ३९ अंश सेल्सिअसचा ताप आणि पुवासारखा शेंबूड सलग तीन-चार दिवस राहिला, तर डॉक्टरांकडे जावे. डोळ्याभोवती सूज, एकाच्या दोन वस्तू दिसणे, मान ताठणे यांपैकी काहीही झाले तर मात्र क्षणभरही थांबू नये.

आणि त्या उरलेल्या गोळ्या? प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, पडशाच्या विषाणूंवर नाही. अपुऱ्या मात्रेने जिवाणू औषधाला दाद देईनासे होतील, असा इशारा पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच नोबेल व्याख्यानात दिला होता. आज अनेक जिवाणूंनी तो खरा केला आहे.

तेव्हा पुढच्या पडशाची पहिली शिंक आली की वहीत तारीख लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील!