दोष आणि हक्क

‘ज्याने आपल्या कर्माने रोग ओढवून घेतला, त्याला कायद्याने संरक्षण का द्यावे?’ एचआयव्हीबाधितांविषयी हा प्रश्न आपल्या समाजातील सुशिक्षित मंडळीही विचारतात. पतीकडून लागण झालेल्या गृहिणीबद्दल किंवा जन्मतःच बाधित असलेल्या बालकाबद्दल त्यांना कणव वाटते. इतरांच्या बाबतीत मात्र ‘करावे तसे भरावे’ असे म्हणून ती मोकळी होतात.

या वृत्तीचे फळ गोमंतकाने पाहिले आहे. १९८९ च्या फेब्रुवारीत डॉमिनिक डिसोझा या तरुणास पोलिसांनी नेले आणि म्हापशातील क्षयरोग्यांच्या जुन्या रुग्णालयात ६४ दिवस कोंडून ठेवले. ते नियमित रक्तदाते होते आणि रक्ताच्या तपासणीतूनच त्यांची बाधा उघडकीस आली होती. त्यांनी कोणताही गुन्हा केलेला नव्हता. गोव्याच्या तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातच अशा विलगीकरणाची तरतूद होती. त्यांच्या मातेने मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे दाद मागितली. डिसोझा घरी परतले, पण ती तरतूद न्यायालयाने वैध ठरविली.

संसदेने २०१७ साली संमत केलेला एचआयव्ही-एड्सविषयक कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. नोकरी, शिक्षण, उपचार, भाड्याचे घर यांबाबत बाधितांशी अन्याय्य भेदभाव करण्यास त्याने मनाई केली. लागण कशी झाली यावर हे संरक्षण अवलंबून ठेवलेले नाही, आणि ते योग्यच आहे. निर्दोषत्व सिद्ध करण्याची अट घातली, तर त्या गृहिणीलाही आपल्या संसाराची लक्तरे मालकापुढे मांडावी लागतील. त्या धास्तीने लोक तपासणीच टाळतील आणि रोग वाढेल. शिवाय स्वेच्छेच्या गोष्टींना संरक्षण नको म्हटले, तर धर्माचे काय? धर्म माणसाला बदलता येतो; तरीही राज्यघटनेच्या १५ व्या कलमात जातीच्या जोडीला त्याचाही उल्लेख आहे.

मग कोणी कसेही वागावे काय? मुळीच नाही. दुसऱ्यास लागण होऊ नये म्हणून वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य हाच कायदा बाधितावर घालतो. त्या कर्तव्यात कसूर झाली, तर जाब अवश्य विचारावा. परंतु एका पंक्तीत जेवल्याने किंवा शेजारी बसून काम केल्याने न लागणाऱ्या रोगासाठी नोकरी हिरावून घेणे ही शिक्षाच होय, आणि ती देण्याचा अधिकार मालकास वा शेजाऱ्यास कोणी दिलेला नाही.

कोणाच्या आचरणाविषयी आपले मत बनविण्यास प्रत्येक जण मोकळा आहे. त्या मताच्या बळावर कोणाच्या तोंडची पेज काढून घेता येणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.