कावळ्यास फसविण्याची विद्या

भाद्रपदाच्या वद्य पक्षांत आपल्या घरोघरीं एक प्रसंग ठरलेला असतो. श्राद्धाचा स्वयंपाक झाला, पानें वाढलीं, कीं घरांतील कोणी तरी काकबळीचें पान घेऊन गच्चीवर किंवा परसांत जातो आणि ‘काव, काव’ अशी हांक घालूं लागतो. कावळा लवकर आला तर वडील मंडळींस समाधान वाटतें. न आला तर सर्वांच्या मनास हुरहुर लागते. याच पंधरवड्यांत परभणी जिल्ह्यांतील पूर्णा किंवा दुधना नदीच्या कांठीं एखाद्या शेतांत भुईमुगाच्या शेंगा भरत आलेल्या असतात, मक्याचीं कणसें चिकांत असतात, आणि शेताचा धनी माळ्यावर उभा राहून गोफणीच्या खड्यानें त्याच कावळ्यास हांकून लावीत असतो. गच्चीवर ज्याची विनवणी करावयाची, तोच शेतांत चोर ठरतो! या चोराचें काय करावें, हा प्रश्न ज्याचें पोट शेतावर आहे त्यास चेष्टेचा वाटत नाहीं. म्हणूनच त्याचा थोडा शांतपणें विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम गुन्ह्याचें स्वरूप पाहूं. गोदावरीच्या खोऱ्यांतील हा काळ्या जमिनीचा प्रदेश कापूस, ज्वारी, तूर व अलीकडे सोयाबीन यांसाठीं प्रसिद्ध आहे. ज्वारीच्या कणसांवर जे थवे उतरतात, ते बहुतेक चिमण्यांचे, सुगरणींचे व पोपटांचे असतात; कावळ्याच्या नांवावर त्यांचेंही पाप पुष्कळदां मांडलें जातें. कावळ्याची खरी चोरी निराळी आहे. पेरलेलें भुईमुगाचें किंवा मक्याचें बी उकरून काढणें, नुकताच वर आलेला कोंब उपटून त्याच्या मुळाशीं असलेला दाणा खाणें, कणसाचें आवरण सोलून कोंवळे दाणे टिपणें, आणि अंगणांतील कोंबडीचीं अंडीं व पिलें पळविणें, हे त्याचे धंदे होत. यांत सर्वांत जिव्हारीं लागणारें नुकसान कोंबांचें. दाणा गेला तर दाणाच जातो, परंतु कोंब गेला म्हणजे ओळींत खाडा पडतो. तेथें पुन्हा बी टोंचलें तरी तें रोप मागें राहतें. ज्याची जमीन एक-दोन एकर, त्यास हा खाडा वर्षभर डोळ्यांसमोर दिसत राहतो.

अशा वेळीं बंदुकीची आठवण होणें साहजिक आहे. परंतु कावळ्यास बंदूक दाखविली कीं तो टप्प्याबाहेर जाऊन बसतो, हा अनुभव सर्वांचा आहे. विलायतेंत व अमेरिकेंत शेतकऱ्यांनीं व शिकाऱ्यांनीं यावर एक युक्ति काढिली. कावळ्याच्या मागें धांवावयाचें नाहीं, त्यालाच आपल्याकडे बोलवावयाचें. त्यासाठीं ते भुलवणीचे पक्षी वापरतात. ही कल्पना आपल्याकडेही अगदीं नवी नव्हे. पिंजऱ्यांतील पाळीव तित्तराच्या हांकेनें रानांतील तित्तर फांशांत आणण्याची पारध्यांची रीत जुनी आहे.

तिकडील पद्धति अशी. शिकारी पहांटेपूर्वींच शेताच्या कडेस झुडपांच्या व जाळीच्या आडोशाला दडून बसतो. त्याच्यासमोर, बंदुकीच्या टप्प्यांत, लांकडाचे, रबराचे किंवा प्लॅस्टिकचे दहाबारा कावळे दाणे टिपीत असल्यासारखे मांडलेले असतात. पक्षी जमिनीवर उतरतांना वाऱ्याकडे तोंड करून उतरतो, म्हणून ही मांडणी वाऱ्याची दिशा पाहून करतात आणि मधोमध उतरण्यापुरती मोकळी जागा ठेवितात. खोट्या कावळ्याचें अंग चमकतां कामा नये; तें उन्हांत जरा लकाकलें तरी खरे कावळे वरच्या वर वळतात. जोडीला तोंडानें वाजविण्याची एक शिट्टी असते, तिच्यांतून कावळ्यांच्या निरनिराळ्या हांका काढतां येतात. आपले भाऊबंद निर्धास्तपणें जेवीत आहेत असें पाहून थवा खालीं येतो, आणि बार उडतो.

दुसरा प्रकार याहून मौजेचा आहे. त्यांत उंच काठीवर घुबडाची प्रतिमा बसवितात. जर्मनींत तर खरेंच मोठें शृंगी घुबड खुंटावर बांधून, जवळच्या झोपडींत लपून कावळ्यांची शिकार करण्याची जुनी चाल होती. दिवसां घुबड दिसलें कीं कावळे आरडाओरडा करीत त्याच्यावर तुटून पडतात, कारण रात्रीं तेंच घुबड झोंपलेल्या कावळ्यांवर घाला घालतें. आपल्या पूर्वजांनीं हें वैर फार पूर्वीं टिपून ठेविलें आहे. ‘पंचतंत्रा’च्या तिसऱ्या तंत्राचें नांवच ‘काकोलूकीय’ आहे. आणि महाभारताच्या सौप्तिकपर्वांत वडाखालीं जागत बसलेल्या अश्वत्थाम्यास रात्रीच्या हत्येची कल्पना सुचते, ती घुबडानें झोंपलेले कावळे मारलेले पाहूनच.

तिसरा प्रकार पिंजऱ्याचा. डेन्मार्कमधील लार्सेन नांवाच्या एका शिकाररक्षकाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या सांपळ्यांत एका कप्प्यांत जिवंत कावळा ठेवितात. त्या हद्दींतील मालक जोडपें परक्यास हुसकण्यासाठीं धांवून येतें व शेजारच्या कप्प्यांत अडकतें. भूक, वैर आणि हद्दीचा अभिमान, या तीन ठिकाणीं कावळा फसतो; एरवीं फसत नाहीं.

ही विद्या परभणीच्या शेतांत आणावी काय? आमच्या मतें आणावी, परंतु बंदूक वगळून आणावी. याचीं कारणें क्रमानें सांगतों.

पहिलें कारण कावळ्याच्या स्मरणशक्तींत आहे. अमेरिकेंतील सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत मार्झलफ या पक्षिशास्त्रज्ञानें २००६ मध्यें एक प्रयोग आरंभिला. तोंडावर विद्रूप मुखवटा घालून त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं कांहीं कावळे पकडले, त्यांच्या पायांत खुणेचीं कडीं घातलीं व त्यांस सोडून दिलें. त्यानंतर कित्येक वर्षें तो मुखवटा घालून कोणी विद्यापीठाच्या आवारांत फिरला कीं कावळे त्याच्यावर ओरडत. आणि नवल हें कीं, जे कधीं पकडले गेले नव्हते तेही त्या ओरडण्यांत सामील होत. एकानें शिकलेला धडा सर्वांचा होतो. अमेरिकेंतील कावळा आपल्या कावळ्याहून निराळ्या जातीचा खरा, परंतु हुशारीच्या बाबतींत आपला गांवकावळा त्यास हार जाईल असें त्यास ओळखणारा कोणीही म्हणणार नाहीं. पहिल्या दिवशीं पांच-सात पक्षी पडतील. चवथ्या दिवशीं थवा त्या आडोशास दुरूनच वळसा घालील.

दुसरें कारण असें कीं, मारून कावळे हटत नाहींत. याचा दाखला आपल्याच कावळ्यानें समुद्रापलीकडे दिला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झांजिबार येथें गांवांतील घाण खाऊन टाकण्यासाठीं म्हणून हिंदुस्थानांतून कावळे नेण्यांत आले. तेथून ते पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पसरले व स्थानिक पक्ष्यांचीं अंडीं-पिलें फस्त करूं लागले. सांपळे झाले, विष झालें. केनियांत मालिंदी गांवाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या पिंजऱ्यांत जिवंत कावळे भुलवणीस ठेवून इतरांस पकडण्यांत आलें. तरीही २०२४ मध्यें त्या देशाच्या वन्यजीव खात्यास दहा लाख कावळे नष्ट करण्याचा संकल्प जाहीर करावा लागला. जेथें उकिरडा उघडा आहे, तेथें मेलेल्या कावळ्याची जागा दुसरा घेतो. अन्न कमी केल्याखेरीज खाणारे कमी होत नाहींत, ही गोष्ट बंदुकीच्या नादांत विसरली जाते.

तिसरें कारण कावळ्याच्या जमाखर्चाचें. १९१२ मध्यें बिहारमधील पुसा येथील कृषिसंशोधनसंस्थेंतून मेसन व मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचा हिंदुस्थानांतील पक्ष्यांच्या अन्नावरील ग्रंथ निघाला. पक्ष्यांच्या पोटांत काय सांपडतें हें तपासून कोण शेतकऱ्याचा मित्र व कोण शत्रु, हें ठरविण्याचा तो प्रयत्न होता. कावळ्याचा निकाल एका शब्दांत देतां येत नाहीं. तो दाणे खातो, तसाच किडेही खातो. नांगराच्या तासामागून चालणारा कावळा हुमणीच्या अळ्या वेंचीत असतो, हें प्रत्येक शेतकऱ्यानें पाहिलें आहे. शिवाय उंदीर, मेलेलें जनावर, सडलेलें खरकटें यांची विल्हेवाट तो फुकट लावतो. पंधरा दिवसांच्या चोरीसाठीं वर्षभराच्या चाकरास ठार करणें हा हिशेब फायद्याचा नव्हे.

चवथें कारण कायद्याचें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत कावळ्याचें नांव उंदीर-घुशींच्या पंक्तीस, उपद्रवी प्राण्यांच्या पांचव्या परिशिष्टांत होतें. २०२२ मध्यें कायद्यांत दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आली, आणि तिनें तें परिशिष्टच काढून टाकिलें. आतां एखाद्या प्राण्यास अमुक प्रदेशापुरतें व अमुक मुदतीपुरतें उपद्रवी ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. पीक राखण्यासाठीं बंदुकीचा परवाना मिळतो हें खरें, परंतु तो हत्यार बाळगण्याचा परवाना असतो, वाटेल तो पक्षी मारण्याचा नव्हे.

पांचवें कारण परभणीकरांस विशेष ठाऊक असावें. जानेवारी २०२१ मध्यें परभणीजवळच्या मुरुंबा गांवीं सुमारें ८०० कोंबड्या मेल्या आणि तपासणीअंतीं ती बर्ड फ्लूची साथ ठरली. भोंवतालच्या कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. त्याच दिवसांत शेजारच्या बीड जिल्ह्यांत मेलेले कावळे आढळले. आणि त्यापूर्वीं राजस्थानांत झालावाड येथें व मध्यप्रदेशांत इंदूर येथें कावळ्यांच्या मृत्यूनेंच या साथीची वर्दी दिली होती. कावळा मरून पडणें ही गांवास मिळालेली सूचना असते. ज्या गांवीं बंदुकीनें मेलेले कावळे जागोजाग पडलेले असतील, तेथें ही सूचना कोणास कळणार? आणि असे पक्षी हातानें उचलण्यांत धोका आहे तो वेगळाच.

मग शेतकऱ्यानें हात जोडून स्वस्थ बसावें काय? मुळींच नाहीं. भुलवणीच्या विद्येची एक उलट बाजू आहे व ती आपल्या खेड्यांतील लोकांस कधींपासून माहीत आहे. शेतांत मेलेला कावळा काठीला उलटा टांगून ठेविला कीं गांवचे कावळे जमतात, वर घिरट्या घालून कांहीं वेळ कोलाहल करतात, आणि मग तें शेत सोडून जातात. याचीही परीक्षा सिॲटल येथेंच स्विफ्ट व मार्झलफ यांनीं केली व २०१५ मध्यें ती प्रसिद्ध झाली. मेलेला कावळा हातांत घेतलेला मनुष्य जेथें दिसला, तेथें ठेवलेलें अन्न घेण्यास कावळे पुढें कित्येक दिवस बिचकत होते. म्हणजे जिवंत भासणारा खोटा कावळा बोलावतो आणि मेलेला भासणारा खोटा कावळा हांकलतो. शेतकऱ्यास दुसराच हवा आहे.

मात्र वर सांगितलेल्या साथीच्या भयानें खरा मेलेला कावळा हातीं धरूं नये. काळ्या कापडाचा, पेंढा भरलेला, एक पंख लोंबता ठेविलेला कावळा घरींही होतो. मुलेंसुद्धां आनंदानें करतील. परंतु तो योग्य वेळीं लावावा आणि योग्य वेळीं काढावा. बी पेरल्यापासून रोप मूळ धरीपर्यंतचे दहाबारा दिवस, आणि पुढें दाणा चिकांत असतांनाचे दिवस, एवढाच त्याचा काळ. पेरणीच्या आधींपासून कापणीनंतरपर्यंत एकाच जागीं उभें असलेलें बुजगावणें कावळ्याच्या ओळखीचें होतें, आणि ओळखीच्या डोक्यावर बसावयास तो भीत नाहीं. म्हणून खोटा कावळा दर दिवसाआड जागा बदलून टांगावा. मधून मधून माळ्यावरून गोफण व डबा वाजवावा. वाऱ्यानें फडफडणाऱ्या चकचकीत फिती पिकावर आडव्या ताणाव्या. पेरणीमागोमाग फळी फिरवून बी झांकून टाकावें, सांडलेला दाणा वेंचून घ्यावा, कारण पहिला दाणा उघडा दिसला कीं कावळा बाकीचे शोधूं लागतो. शेजारच्या चार शेतकऱ्यांनीं पेरणी एकाच सुमारास केली तर नुकसान वांटलें जातें. एकटें पुढें उगवलेलें शेत सर्व कावळ्यांचें होतें. परभणीस १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे. पक्ष्यांच्या उपद्रवाविषयीं तेथील तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, हेंही सुचवावेंसें वाटतें.

‘काकोलूकीया’ची कथा वाचकांस आठवत असेलच. घुबडांपुढें हरलेल्या कावळ्यांचा वृद्ध मंत्री स्थिरजीवी स्वतःस घायाळ करवून वडाखालीं पडून राहतो, शत्रूच्या दयेनें त्याच्या गुहेंत शिरतो, आणि काटक्या सांठवून अखेर ती गुहा जाळवितो. भुलवणीच्या पक्ष्याची याहून मोठी कथा कोणत्या वाङ्मयांत असेल? ज्या पक्ष्याला आपण फसवणुकीचा आचार्य म्हणून दोन हजार वर्षें गौरविलें, त्याच्याशीं बंदुकीनें लढण्यांत शहाणपण नाहीं. त्याच्याशीं त्याच्याच विद्येनें वागावें. पंधरा दिवस त्यास शेताबाहेर ठेवावें, आणि उरलेलें वर्ष त्यानें नांगराच्या तासामागून अळ्या वेंचाव्या. पुढल्या पितृपक्षांत आपण गच्चीवरून हांक घालूं, तेव्हां ती ऐकणारा कोणी तरी उरलेला असला पाहिजे.