साबण अंगाला, शिकेकाई केसांना
खोबरेल तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी मिसळलं की साबण जमतो. तयार होणारं ग्लिसरीन त्यातच राहतं, म्हणून घरची वडी अंगाला मऊ लागते. सोडा हाताळताना पोरांना लांब ठेवा, आणि वड्या चार ते सहा आठवडे सुकू द्या. घाई केली तर न्हाणीघरात विरघळून जातात.

केसांना मात्र हा साबण नको. त्याचा सामू ९-१० च्या आसपास. त्यात बोअरचं जड पाणी असलं की केसांवर चिकट साका बसतो, कंगवा अडतो. तिथं किंचित आम्लधर्मी शिकेकाईच बरी. तिच्या शेंगा आणि सोबत बिया काढलेले रिठे रात्री भिजत घालून सकाळी उकळावेत, फडक्यानं गाळावेत. चोथा राहिला तर दिवसभर केसांतून वेचत बसा! दोन्हींतल्या सॅपोनिनमुळे फेस येतो, बेताचाच. पण तेल निघतं. रिठा डोळ्यांत गेला, तर मात्र घरभर बोंब.