नाण्याच्या यंत्राचा जीर्णोद्धार

लातूरच्या गंजगोलाईला येऊन मिळणारे सोळा रस्ते आणि नांदेडच्या वजिराबादेतील गजबज ज्यांनी विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात शाळकरी वयात अनुभवली, त्या पिढीला व्हिडिओ गेमच्या अरुंद दुकानांची आठवण करून द्यावी लागत नाही. परंतु त्या दुकानांत भिंतीला टेकून उभी असलेली, रुपयाच्या नाण्याच्या मोबदल्यात काही मिनिटांचे शौर्य देणारी ती उंच पेटी मुळात काय वस्तू होती, तिच्या पोटात कोणकोणते जिन्नस होते आणि ते कोणाच्या हातांनी जुळवले होते, याची चौकशी आपण कधी केली नाही. आणि ती करण्यापूर्वीच तशा पेट्या लाकूड, तांबे आणि काच अशा निरनिराळ्या भावांनी भंगारात तोलल्या जाऊ लागल्या. ज्या उरल्या असतील, त्यांचा जीर्णोद्धार कसा करावा आणि कोणत्या दृष्टीने करावा, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

या यंत्राचे कुळ परदेशी. तैतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ निर्माण केला आणि १९८० साली नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांचा ‘पॅक-मॅन’ त्यामागोमाग आला. १९८५ च्या सुमारास जपानी उत्पादकांच्या संघाने ‘जामा’ या नावाने ओळखली जाणारी जोडणीची एक समान पद्धत ठरविली. खेळाचे संपूर्ण मंडल ज्या हिरव्या पट्टीवर असते, तिच्या कडेला एका बाजूस अठ्ठावीस आणि दुसऱ्या बाजूस अठ्ठावीस असे छप्पन्न संपर्कबिंदू, आणि प्रत्येक बिंदूचे कार्य नेमून दिलेले. पट्टी उपसून दुसरी खोचली की त्याच पेटीत दुसरा खेळ सुरू! या एका संकेतामुळे यंत्र कारखान्याच्या हुकमतीतून सुटले आणि जिल्ह्याच्या गावातील मिस्त्रीच्या हाती आले.

कारण पट्टी बाहेरून आली तरी तिच्याभोवतीचे सारे काही येथेच उभे करता येत होते. प्लायवूडचा सांगाडा सुताराने करावा, त्यावर सनमायका चिकटवावा, आणि चित्रासाठी अनेकदा नेहमीच्या रंगीत दूरदर्शन संचाचीच पिक्चर ट्यूब आत बसवावी, असा हा एकंदर कारभार होता. भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ साली सुरू झाले, आणि पुढील दशकभरात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांची एक हुन्नरी पिढी गावोगावी तयार झाली. आपला संच सेकंदास पन्नास चित्रे दाखविण्यासाठी बांधलेला, तर जपानी पट्टी साधारणपणे साठ चित्रे पाठविणारी. परंतु आडव्या रेषांची गती दोहोंची जवळजवळ सारखी, म्हणजे सेकंदास सुमारे पंधरा-सोळा हजार. म्हणून लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग-संकेत संचाच्या आतल्या मंडलात थेट नेऊन सोडले आणि उभ्या दिशेची पकड थोडी फिरविली, की वर सरकत राहणारे चित्र जागच्या जागी स्थिर होई. या जुळवणीमागे छापील नकाशा क्वचितच असे. होता तो अनुभव.

अशी पेटी उघडताना पहिले काम पाहण्याचे आणि नोंदीचे. कोणती तार कोणत्या बिंदूपासून कोठे जाते, कोठे मूळ सोल्डर आहे आणि कोठे नंतरचे ठिगळ, याची छायाचित्रे व आकृती झाल्याखेरीज एकही स्क्रू ढिला करू नये. विशेषतः तिसऱ्या खेळाडूच्या तारा पाहाव्यात. कॅपकॉमने १९९३ साली काढलेला आणि आपल्याकडे मुस्तफा या पात्राच्या नावानेच प्रसिद्ध पावलेला डायनासोरांचा खेळ तिघांना एकत्र खेळता येत असे. मूळ जामा पद्धतीत सोय दोघांचीच. सबब तिसऱ्याची जोडणी पट्टीवरील निराळ्या ठिकाणाहून घ्यावी लागे. पेटीच्या फळीवर तिसऱ्या दांड्याचे भोक मागाहून पाडलेले आढळले, तर त्या यंत्राने कोणता खेळ पाहिला याचा तो अस्सल पुरावा समजावा.

दुसरे काम जिवाच्या बंदोबस्ताचे. पिक्चर ट्यूबच्या बाजूस रबरी टोपीखाली असलेल्या बिंदूवर वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो, आणि प्लग काढल्यानंतरही तो ट्यूबमध्ये साठून राहू शकतो. जाणकार मिस्त्री लांब दांड्याच्या पेचकसाला जाड तार बांधून तिचे दुसरे टोक ट्यूबच्या बाहेरील भूसंलग्न पट्टीला जोडतो आणि एकच हात वापरून पेचकसाचे पाते टोपीखाली सरकवितो. बारीकसा चटका वाजतो आणि साठलेली वीज उतरते. ज्याने हे काम कोणाच्या हाताखाली पाहिलेले नाही, त्याने ते एकट्याने करू नये.

त्यानंतर पट्टीची पाळी. मराठवाड्याच्या काळ्या मातीची धूळ बारीक, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडून जाणारा. या दोहोंचा परिणाम निरनिराळा होतो. धूळ मऊ कुंचल्याने निघते आणि काळवंडलेले संपर्कबिंदू साध्या खोडरबराने हलक्या हाताने घासून, मग स्पिरिटने पुसून उजळतात; परंतु उष्णतेने आतून सुकलेले कंडेन्सर बाहेरून धडधाकट दिसत असले तरी बदलावेच लागतात. चित्राच्या कडा आत ओढल्या जाणे किंवा पडद्यावर लाटा उठणे ही त्यांची नेहमीची लक्षणे. ज्या स्मृतिचिपांच्या माथ्यावर काचेची इवलीशी खिडकी असते, त्यांवरील कागदी चिकटपट्टी कदापि उपटू नये. त्या चिपांतील मजकूर अतिनील किरणांनीच पुसला जातो, आणि खिडकी दीर्घकाळ उन्हात उघडी राहिल्यास सारा खेळ नाहीसा होऊ शकतो. पाच व्होल्टचा पुरवठाही वीजपेटीशी मोजून भागत नाही. जुन्या तारांत दाब घटतो, म्हणून मल्टिमीटरची टोके पट्टीच्या कडेलाच लावावीत आणि आकडा पाचाच्या अगदी लगत येईल इतकाच स्क्रू फिरवावा.

दांडा आणि बटणे हे त्यामानाने सोपे प्रकरण. प्रत्येक बटणाखाली एक लहान मायक्रोस्विच असतो. त्याचा टक् असा स्पष्ट आवाज हरपला की आतली पत्ती थकली असे समजावे. नाण्याची यंत्रणा मात्र इतिहासाशी बांधलेली आहे. १९९२ पासून निघालेले पोलादी रुपयाचे नाणे २५ मिलिमीटर व्यासाचे व ४.८५ ग्रॅम वजनाचे, तर त्यापूर्वीचे २६ मिलिमीटरचे व सहा ग्रॅमचे. खाच कोणत्या मापाची आहे यावरून पेटीचा काळ ताडता येतो. आजचे नाणे चालावे म्हणून ती खाच कापणे हा दस्तऐवजातील खाडाखोडीसारखाच अपराध होय.

लाकडाबाबतही तेच धोरण असावे. पेटीचा तळ ओल आणि वाळवी यांनी बहुधा खाल्लेला असतो. तेवढा भाग कापून जुन्याच जाडीचे प्लायवूड जोडावे आणि उरलेला सनमायका, त्यावरील चरे आणि पोरांनी कोरलेल्या नावांसह, तसाच राखावा. सगळी पेटी घासून चकचकीत रंगविली तर वस्तू नवी दिसेल, पण तिची साक्ष बाद होईल.

येथे एक मोह टाळण्याजोगा आहे. जुनी ट्यूब काढून सपाट पडदा बसवावा आणि पट्टीच्या जागी हजारो खेळ भरलेला स्वस्त बोर्ड ठेवावा, असे पुष्कळ जण करतात, आणि त्यांचा आनंद खोटा नाही. शिवाय खेळाचा मजकूर जपण्याचे काम निकोला साल्मोरिया यांनी १९९७ साली आरंभलेल्या ‘मेम’ या प्रणालीने मोठ्या निष्ठेने केलेच आहे. परंतु संगणकात सुरक्षित राहतो तो खेळ; पेटी राहत नाही. टीव्हीच्या संचात साठ चित्रांचा संकेत मुरविणाऱ्या मिस्त्रीचे कसब कोणत्याही प्रणालीत नोंदलेले नाही. ते त्या तारांच्या वळणांतच आहे. आपल्याकडील पुष्कळशा पट्ट्या कंपनीच्या अस्सल नसून नकला होत्या, म्हणून त्यांना कमी लेखण्याचेही कारण नाही. मराठवाड्यातील मुलांनी खेळलेला खेळ त्या नकलांतूनच चालला. करमणूक कराच्या शाखेने कचेरीच्या दप्तरात या यंत्रांची मोजदाद केली असेल, पण ती महसुलापुरती. कारागिरीची नोंद कोणी ठेवली नाही.

ती ठेवण्याचे सामर्थ्य आपल्याकडे आहे. नांदेडात १९८१ पासून श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय उभे आहे, लातुरात पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे, आणि दोन्ही ठिकाणी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. यांपैकी एका संस्थेने जरी एक पेटी मिळवून ती विद्यार्थ्यांकडून उकलून घेतली, जोडणीचा नकाशा काढला आणि वृद्ध मिस्त्रींना बोलावून त्यांच्या तोंडून तिची हकिकत लिहून घेतली, तरी मोठे काम होईल. ज्यांच्या माडीवर वा गोदामात अशी पेटी पडून असेल, त्यांना विनंती एवढीच की, भंगारवाल्यास हाक मारण्यापूर्वी तिचे मागचे दार एकदा उघडावे, आतील तारांची छायाचित्रे घ्यावीत आणि जवळच्या तंत्रनिकेतनाला कळवावे.