रील ड्राफ्टमध्येच का अडकते? उत्तर दादासाहेब फाळकेंच्या पहिल्या सिनेमात आहे

वाशिम जिल्ह्यातल्या शेलूबाजारमध्ये बसून आज कुणीही मोबाईलवर वऱ्हाडी रील बनवू शकतं. कॅमेरा आहे, एडिटिंगचं अ‍ॅप आहे, बघणारेही आहेत. तरी कित्येक व्हिडिओ ड्राफ्टमध्येच पडून राहतात. आवाज नीट आला नाही, उजेड कमी पडला, लोक काय म्हणतील... कारणं संपत नाहीत. यालाच म्हणतात परफेक्शनिझम.

हे नेमकं काय असतं?

चांगलं काम करायची इच्छा वेगळी आणि चूक दिसेल या भीतीनं काम अडवून ठेवणं वेगळं. मानसशास्त्रज्ञ पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ मध्ये याचे तीन प्रकार मांडले. स्वतःकडून अचूकतेची अपेक्षा, इतरांकडून अपेक्षा आणि 'लोकांना माझ्याकडून सगळं अचूकच हवंय' हा समज. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या कॉलेज विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती तपासली. तिन्ही प्रकार वाढले होते आणि सगळ्यात जास्त वाढला होता तिसरा.

फाळकेंनी काय केलं?

दादासाहेब फाळकेंनी थेट मोठा सिनेमा काढला नाही. आधी १९१२ मध्ये कुंडीतलं वाटाण्याचं रोप कसं वाढतं, याची छोटी फिल्म केली. ती दाखवून पैसे उभे केले. मग आला 'राजा हरिश्चंद्र'. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना. त्यासाठी ते अडून बसले नाहीत. अण्णा साळुंके या पुरुष कलाकाराला तारामती केलं आणि ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात सिनेमा लागला.

पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. पहिल्या सिनेमातली उणीव दुसऱ्यात भरून निघाली. 'राजा हरिश्चंद्र'ही त्यांनी १९१७ मध्ये नव्यानं बनवला.

मग आपण काय करायचं?

१. आधी छोटं काम पूर्ण करा. दहा भागांची सिरीज नंतर, एक मिनिटाची रील आधी.

२. पोस्ट करायचा दिवस आधीच ठरवा. त्या दिवशी जसं असेल तसं टाका.

३. दुरुस्त्या तीनच. बाकीच्या वहीत लिहून पुढच्या व्हिडिओसाठी ठेवा.

४. आधी अशा एकाला दाखवा, जो खरं सांगेल.

ड्राफ्टमधल्या व्हिडिओला कुणी नावं ठेवत नाही, हे खरं. पण तो कुणी बघतही नाही. आणि तो पोस्ट होत नाही तोवर पुढचा सुधारायचा कसा?