समान विमा, पण डॉक्टर कुठे?

मानसिक आजारांना विम्यात समान वागणूक देणारा अमेरिकेचा पहिला केंद्रीय कायदा १९९६ चा. तो रेटून नेणारे दोघे सिनेटर एरवी परस्परविरोधी गोटांतले: रिपब्लिकन पीट डोमेनिची आणि डेमोक्रॅट पॉल वेलस्टोन. डोमेनिचींच्या मुलीला स्किझोफ्रेनिया होता, वेलस्टोन यांचे भाऊही मानसिक आजाराने ग्रस्त होते.

कायदा मात्र तोकडा निघाला. भरपाईच्या वार्षिक आणि आजीवन रकमेवर वेगळी मर्यादा नको, एवढेच तो सांगे. मग अनेक योजनांनी रकमेऐवजी डॉक्टरांच्या भेटी आणि रुग्णालयातले दिवस मोजायला सुरुवात केली. कायदाही पाळला गेला, पैसेही वाचले!

पूर्ण समानता दिली तर खर्च हाताबाहेर जाईल, ही विरोधकांची भीती अगदीच पोकळ नव्हती. उपचार स्वस्त झाले की मानसोपचाराची मागणी इतर उपचारांपेक्षा जास्त वाढते, असे रँड संस्थेच्या जुन्या प्रयोगात दिसले होते. खरी कसोटी २००१ मध्ये लागली. केंद्रीय कर्मचारी, निवृत्त आणि त्यांचे कुटुंबीय अशा सुमारे ८५ लाख लोकांना समान विमा मिळाला. हॉवर्ड गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या ७ योजना तपासल्या. निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. वापर आणि खर्च वाढला होता खरा, पण समानता नसलेल्या योजनांतही साधारण तेवढाच. बहुतेक योजनांत रुग्णाच्या खिशाला पडणारी कात्री मात्र कमी झाली.

खर्च आवरला तो पूर्वमंजुरी आणि ठरावीक डॉक्टरांच्या यादीने. माझ्या मते पुढच्या अडचणीचे मूळ इथेच आहे.

३ ऑक्टोबर २००८ रोजी, बँकांना वाचवणाऱ्या ७०० अब्ज डॉलरच्या विधेयकाला जोडून व्यापक कायदा आला. भेटी, दिवस, रुग्णाचा वाटा, व्यसनमुक्ती सगळे त्यात आले. वेलस्टोन २००२ मध्येच विमान अपघातात गेले होते. कायद्याला दोघांचेही नाव मिळाले. पण २००९-१० मध्ये खासगी विमा घेणारे मानसोपचारतज्ज्ञ जेमतेम ५५ टक्के होते, इतर डॉक्टर ८९ टक्के. कायदा विमा कंपनीला बांधतो, डॉक्टरला नाही. आणि कंपनी देत असलेला दर परवडला नाही की डॉक्टर यादीत येत नाही.

ही यादी खरोखर पुरेशी आहे का, याचा हिशेब कंपन्यांकडून मागणारे नियम सप्टेंबर २०२४ मध्ये आले. कर्मचाऱ्यांना विमा देणाऱ्या मालकांच्या संघटनेने ते न्यायालयात नेले. मे २०२५ मध्ये सरकारनेच जाहीर केले, की नव्या तरतुदींची अंमलबजावणी तूर्त करणार नाही.