शोधशब्द बदलून बघा

विमुक्त जमातींवर वाचायचंय, पण ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये 'विमुक्त' टाकून फारसं हाती लागत नाहीये? मग जुना शब्दही टाका: 'क्रिमिनल ट्राइब्ज'. १८७१च्या कायद्याने हा शिक्का मारला. १९५२मध्ये कायदा रद्द झाला, पण जुन्या अहवालांच्या शीर्षकांत तो शब्द तसाच आहे. ते वाचताना एक ध्यानात ठेवा, लिहिणारं सरकार होतं. ज्यांच्यावर शिक्का बसला त्यांचं म्हणणं वेगळ्या कपाटात शोधावं लागतं. ड्युई वर्गीकरणात समाजगट ३०५ला, तर मराठी साहित्य ८९१.४६ला. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' बहुधा या दुसऱ्या कपाटात असेल. संशोधन आराखडा लिहायला घेण्याआधी दोन्हीकडे एकेक चक्कर माराच.